यंत्राचा दुभाषी

जुन्या मराठी दरबारांत पारसनीस नांवाचा एक अधिकारी असे. फारशी पत्रव्यवहार त्याच्या हातून होई. आलेलें पत्र तो धन्यास मराठींत समजावून देई आणि धन्याचा आशय फारशींत उतरवून पाठवी. ज्या धन्यास फारशी येत नसे, त्याला पत्राचा मजकूर कळण्यास पारसनिसावांचून दुसरा मार्ग नव्हता. म्हणून त्या जागेवर नुसता विद्वान् मनुष्य पुरत नसे. तो इमानीहि असावा लागे. दोन पक्षांच्या मध्यें उभा राहणाऱ्या दुभाष्याच्या हातीं केवढी सत्ता असते, हें ज्याला दोन्ही भाषा येत नाहींत त्यालाच नीट कळतें.

आज घरोघरीं संगणक आले आहेत आणि ज्याला आपण फोन म्हणतों तोहि एक लहानसा संगणकच आहे. बँकेंतील खातें, आगगाडीचें तिकीट, इस्पितळांतील तपासणीचे आंकडे, हें सर्व आज या यंत्रांच्या हवालीं झालें आहे. या यंत्रांना काय करावें तें मनुष्यें सांगतात; परंतु मनुष्य ज्या भाषेंत सांगतो ती भाषा यंत्रास येत नाहीं, आणि यंत्राची भाषा मनुष्याला वाचवत नाहीं. दोघांच्या मध्यें एक दुभाषी उभा असतो. त्यास कंपायलर असें म्हणतात. हा दुभाषी कोण, तो कोणी घडविला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा तो कशाच्या आधारें, हा प्रश्न वरकरणीं केवळ तज्ज्ञांचा वाटला तरी तो प्रत्येक घराचा आहे.

प्रथम दुभाष्याचें काम काय तें पाहूं. संगणकाच्या अंतरंगांत शून्य आणि एक या दोनच खुणा असतात. त्या खुणांच्या ठराविक जुळणीनें यंत्रास अगदीं क्षुल्लक आज्ञा देतां येतात : अमक्या कप्प्यांतील संख्या उचल, तींत तमक्या कप्प्यांतील संख्या मिळव, बेरीज तिसऱ्या कप्प्यांत ठेव. व्याजाचा साधा हिशेब करावयाचा तरी अशा कितीतरी आज्ञा ओळीनें लिहाव्या लागतात. शिवाय सर्व यंत्रांची बोली एक नाहीं. मेजावरच्या पुष्कळ संगणकांत इंटेलच्या पद्धतीची बोली चालते, तर फोनमध्यें बहुधा आर्म नांवाच्या पद्धतीची. एकीसाठीं लिहिलेल्या आज्ञा दुसरीला निरर्थक होत.

हें कष्टाचें काम यंत्राकडूनच करून घ्यावें, ही कल्पना अमेरिकेंत १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मूळ धरूं लागली. ग्रेस हॉपर या विदुषीचें नांव या प्रयत्नांत अग्रभागीं आहे. पुढें आयबीएम या कंपनींत जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५४ सालीं काम आरंभून १९५७ सालीं फोर्ट्रान ही भाषा आणि तिचा कंपायलर लोकांपुढें ठेवला. गणिताच्या सूत्राशीं मिळत्याजुळत्या रीतीनें लिहावें आणि कंपायलरनें त्याच्या यंत्राज्ञा कराव्या, अशी ही सोय होती. हातानें लिहिलेल्या आज्ञांइतक्या चपळ आज्ञा यंत्राच्या भाषांतरांतून निघतील, यावर त्या वेळच्या जाणत्यांचा भरंवसा नव्हता. तो संपादन करण्यासाठीं बॅकस यांच्या मंडळीनें फार परिश्रम घेतले. एकाच माणसानें तें काम केलें असतें तर त्याला १८ वर्षें लागलीं असतीं, इतके श्रम त्या एका कंपायलरवर खर्ची पडले.

येथेंच एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. पुढें भाषाहि वाढल्या आणि यंत्रेंहि वाढलीं. समजा, मनुष्यांनीं लिहिण्याच्या भाषा १० आहेत आणि यंत्रांच्या जाती ६ आहेत. प्रत्येक भाषेचें प्रत्येक यंत्रासाठीं भाषांतर करावयाचें तर १० गुणिले ६, म्हणजे ६० दुभाषे घडवावे लागतील. आणि एकेका दुभाष्यामागें कित्येक वर्षांचे श्रम! यावर उपाय साधा आहे. मध्यें एक सामाईक बोली ठरवावी. दहा भाषांतून त्या बोलींत येण्याचे १० मार्ग आणि त्या बोलींतून सहा यंत्रांकडे जाण्याचे ६ मार्ग, मिळून १६ पुरतात. अकरावी भाषा आली तर सहा नवे दुभाषे नकोत, एकच मार्ग पुरे. ही कल्पना १९५८ सालींच अंकोल या नांवानें मांडली गेली होती. परंतु सर्व भाषांस आणि सर्व यंत्रांस एकदम मानवेल अशी बोली ठरविणें त्या काळीं साधलें नाहीं, आणि अंकोल कधींच पूर्णपणें प्रत्यक्षांत उतरली नाहीं.

दुसरी अडचण मालकीची होती. चांगला कंपायलर हा बहुधा एखाद्या कंपनीचा माल असे. तो विकत घ्यावयाचा, वापरावयाचा. परंतु त्याच्या आंत काय आहे हें पाहण्याची मुभा नाहीं. ही स्थिति अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत काम केलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांस असह्य वाटली. त्यांनीं १९८३ सालीं ग्नू नांवाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८७ सालीं त्याचा कंपायलर, जीसीसी, सर्वांस खुला केला. त्याची मूळ संहिता, म्हणजे मनुष्यास वाचतां येईल असा त्याचा मूळ मजकूर, कोणासहि मिळूं लागला. त्यासोबत एक अट होती. घ्या, वापरा, बदला, विकलात तरी चालेल. परंतु बदललेली वस्तु दुसऱ्याच्या हातीं द्याल तर तिची मूळ संहिताहि त्याला याच अटींवर द्या. सार्वजनिक विहिरीचें पाणी कोणीहि भरावें, परंतु विहिरीला कुंपण घालूं नये, असाच हा निर्बंध होय.

या जीसीसीनें मोठी कामगिरी बजावली. परंतु कालांतरानें त्याची रचना गुंतागुंतीची झाली. तो जणूं एकसंध वाडा होता. त्यांतील एखादी खोली उचलून दुसरीकडे नेतां येत नसे. याला इतिहास कारण होता, तसें कांहीं अंशीं धोरणहि कारण होतें. मधल्या अवस्थेंतील मजकूर सहज बाहेर काढतां आला, तर लोक आपले बंद भाग त्यास जोडतील आणि खुलेपणाची अट मोडून निघेल, असें स्टॉलमन यांस भय वाटे. या भयांत तथ्य होतें. पण त्यापायीं विद्यार्थ्यांस आणि संशोधकांस आंत शिरून नवे प्रयोग करणें कठीण झालें, हेंहि तितकेंच खरें.

अशा वेळीं, डिसेंबर २००० मध्यें, अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील शाखेंत एक नवें काम सुरू झालें. ख्रिस लॅटनर नांवाचा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक प्रो. विक्रम अडवे हे दोघे त्याचे जनक. प्रो. अडवे हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस कौतुकाची वाटेल. या कामास एलएलव्हीएम हें नांव पडलें. त्या अक्षरांचा आरंभीं जो विस्तार होता तो पुढें कामाच्या व्याप्तीस अपुरा पडूं लागला, म्हणून तो सोडून देण्यांत आला. आतां एलएलव्हीएम हें नुसतें नांव आहे. लॅटनर यांनीं २००२ च्या डिसेंबरांत आपला प्रबंध सादर केला आणि ऑक्टोबर २००३ मध्यें पहिली आवृत्ति सर्वांसाठीं प्रसिद्ध झाली.

एलएलव्हीएमचें मर्म त्याच्या मधल्या बोलींत आहे. कंपायलरचे येथें तीन स्पष्ट भाग पाडले आहेत. पहिला भाग मनुष्याची भाषा वाचतो आणि तिचा आशय मधल्या बोलींत उतरवितो. दुसरा भाग त्या बोलींतील मजकूर तपासून सुधारतो, त्यांतील फापटपसारा काढून टाकतो. तिसरा भाग त्या सुधारलेल्या मजकुरावरून विशिष्ट यंत्राच्या आज्ञा तयार करतो. असे तीन भाग करण्याची रीत जुनीच होती. परंतु ही मधली बोली येथें स्वतःच्या पायांवर उभी आहे. ती लिहून ठेवतां येते, दुसऱ्यास पाठवितां येते, आणि मनुष्यास डोळ्यांनीं वाचतां येईल अशा अक्षरांतहि पाहतां येते. दुभाष्याच्या मनांत काय चाललें आहे, तें तो कागदावर उतरवून समोर ठेवतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ही बोली एका चांगल्या वाणसवाल्याच्या रोजकीर्दीसारखी आहे. रोजकीर्दीचा नियम असा कीं, एकदां नोंदलेली रक्कम खोडून तिच्या जागीं दुसरी लिहावयाची नाहीं. फरक पडला तर नव्या ओळींत नवी नोंद करावयाची. एलएलव्हीएमच्या बोलींतहि प्रत्येक नांवास किंमत एकदांच दिली जाते. संख्या बदलली तर तिला नवें नांव मिळतें. जेथें दोन वाटा एकत्र मिळतात, तेथें ‘या वाटेनें आलास तर ही नोंद घे, त्या वाटेनें आलास तर ती घे’ अशी स्पष्ट खूण असते. आयबीएममधील संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत ही पद्धति विकसित केली. तिच्यामुळें कोणती संख्या कोठून आली, हें शोधीत मागें जाण्याचा त्रास वांचतो. ओळीच्या क्रमांकावरून तें तत्काळ कळतें.

एक लहानसें उदाहरण घेऊं. एका दुकानदारानें लिहिलें कीं, डझनाचे नग म्हणजे ३ गुणिले ४. एकूण नग म्हणजे डझनाचे नग गुणिले डझनांची संख्या. आणि जातांजातां एक तिसरी बेरीजहि लिहून ठेवली, जिचा पुढें कोठेंच उपयोग केला नाहीं. मधला भाग हें वाचतो. ३ गुणिले ४ हा गुणाकार दर वेळीं यंत्राकडून कां करवावा ? तो आतांच करून १२ लिहून टाकतो. तिसरी बेरीज कोणाच्याच उपयोगाची नाहीं, म्हणून ती गाळतो. दुसरीकडे कोठें ८ नें गुणावयाचें असेल तर तो आणखी एक युक्ति करतो. दशमान पद्धतींत १००० नें गुणणें म्हणजे पुढें तीन शून्यें मांडणें, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. यंत्र दोनच खुणांनीं मोजतें. म्हणून त्याला ८ नें गुणणें म्हणजे तीन घरें सरकणें. गुणाकारापेक्षां तें सोपें. असे लहान लहान टप्पे एकामागून एक चालतात, आणि लिहिणाऱ्याचा आशय तसाच राहून काम पुष्कळ चपळ होतें. महत्त्वाची गोष्ट ही कीं, हे सर्व टप्पे मधल्या बोलीवर चालतात. म्हणून एकानें एक युक्ति शोधली कीं तिचा लाभ सर्व भाषांस आणि सर्व यंत्रांस होतो.

जीसीसी हा वाडा, तर एलएलव्हीएम ही सुताराची हत्यारपेटी. ज्याला करवत हवी त्यानें करवत घ्यावी, रंधा हवा त्यानें रंधा घ्यावा. आरंभीं या पेटींत मनुष्याची भाषा वाचणारा स्वतःचा भाग नव्हता. त्यासाठीं जीसीसीचाच भाग उसना घेतला होता. २००५ सालीं लॅटनर ॲपल कंपनींत गेले. तेथें क्लँग नांवाचा नवा भाग तयार झाला आणि २००७ सालीं तो सर्वांस खुला करण्यांत आला. चूक कोठें झाली आहे तें नेमक्या अक्षरावर बोट ठेवून सांगण्याबद्दल क्लँगचा लौकिक झाला. त्याचा परिणाम जीसीसीवरहि झाला, आणि त्याच्याहि सूचना पुढें अधिक सुबोध झाल्या. पुढें ज्युलिया, स्विफ्ट, रस्ट अशा नव्या भाषा घडविणाऱ्यांनीं मधला आणि शेवटचा भाग एलएलव्हीएममधून आयता घेतला आणि आपली बुद्धि केवळ भाषेच्या घडणीवर खर्च केली. १९५८ सालीं मनांत आलेलें १६ मार्गांचें गणित अशा रीतीनें बऱ्याच अंशीं खरें झालें.

ही हत्यारपेटी आज सांभाळतो कोण ? तिचा एक मालक नाहीं. ॲपल, गूगल, इंटेल, आर्म, सोनी अशा कंपन्यांचे पगारी अभियंते, विद्यापीठांतील अध्यापक आणि विद्यार्थी, तसेच केवळ आवडीनें काम करणारे लोक हे सर्व मिळून तिचा सांभाळ करतात. बाजारांत ज्या कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, त्यांचेच लोक येथें एकमेकांचें लिखाण तपासतात. कामाचे नियम थोडके परंतु कडक आहेत. सुधारणा लहान असावी, म्हणजे ती दुसऱ्यास नीट वाचतां येईल. ती त्या विषयाच्या जाणकारानें वाचून पाहावी. चूक दुरुस्त केली तर ती पुन्हां उद्भवली कीं नाहीं हें ओळखणारी एक कसोटीहि सोबत जोडावी. निरनिराळ्या जातींचीं यंत्रें नवी सुधारणा घेऊन या कसोट्या सतत चालवीत असतात. एखाद्या सुधारणेनें चालतें काम बिघडलें, तर ती प्रथम मागें घ्यावयाची आणि वाद मागाहून करावयाचा. त्यांत कोणी कमीपणा मानूं नये, असा दंडक आहे. २००७ पासून या मंडळींचीं संमेलनें भरूं लागलीं आणि २०१४ सालीं व्यवस्थेस आधार म्हणून नफा न घेणारी एक संस्थाहि स्थापन झाली.

अर्थात् जेथें माणसें आहेत तेथें गैरसमजहि आहेत. नोव्हेंबर २००५ मध्यें लॅटनर यांनीं जीसीसीच्या मंडळीस पत्र लिहून, एलएलव्हीएम त्यांच्या कामांत सामील करावें आणि त्याचे हक्कहि त्यांच्या संस्थेकडे सोंपवावे, असें सुचविलें होतें. त्यांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं. पुढें तब्बल दहा वर्षांनीं, २०१५ सालीं, अशी सूचना आली होती हें आपणांस त्या वेळीं कळलेंच नव्हतें, असें स्टॉलमन यांनीं विस्मयानें आणि खेदानें लिहिलें. एक पत्र योग्य माणसाच्या नजरेस पडलें असतें, तर दोन प्रवाह कदाचित् एकच झाले असते.

दोघांमधील खरा मतभेद मात्र परवान्याच्या अटींचा आहे. एलएलव्हीएमची अट सैल आहे. कोणीहि घ्यावें, बदलावें, आणि बदललेलें खुलें न करतां आपल्या मालांत घालावें. या सैलपणामुळेंच मोठ्या कंपन्या निःशंकपणें जवळ आल्या आणि काम झपाट्यानें वाढलें. उलट बाजूहि आहे. कित्येक कंपन्या ही विहीर वापरतात, परंतु आपल्या घरीं केलेली सुधारणा घरींच ठेवतात; तिच्यांत काय आहे हें गिऱ्हाइकास पाहतां येत नाहीं. स्टॉलमन यांस ज्याचें भय होतें तें हेंच. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसें आहेत, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

परवाना बदलणें किती नाजूक असतें, याचाहि अनुभव या मंडळीस आला. पेटंटच्या हक्कांविषयीं जुन्या परवान्यांत पुरेशी स्पष्टता नव्हती, म्हणून जानेवारी २०१९ पासून नव्या लिखाणास अपाची नांवाचा परवाना कांहीं सवलतींसह लागू करण्यांत आला. परंतु जुनें लिखाण ज्याचें त्याच्या मालकीचें होतें. तेव्हां पूर्वीं ज्यांनीं ज्यांनीं हातभार लावला होता, त्यांस शोधून प्रत्येकाची संमति मिळविण्याचें काम कित्येक वर्षें चाललें. बहुमतानें ठराव करून मोकळें होतां आलें नाहीं. एका ओळीच्या धन्याचाहि शब्द विचारावा लागला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या दुभाष्यावर विश्वास कां ठेवावा ? १९८४ सालीं केन टॉम्पसन या थोर संगणकतज्ज्ञाचें एक व्याख्यान प्रसिद्ध झालें. संगणकशास्त्रांतील सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारतांना तें दिलेलें होतें. त्यांनीं दाखविलें कीं, कंपायलरमध्यें अशी लबाडी करतां येते : परवलीचा शब्द तपासणाऱ्या आज्ञावलीचें भाषांतर करतांना त्यानें गुपचूप एक चोरदरवाजा ठेवावा. याहून भयंकर असें कीं, कंपायलर स्वतःचेंच भाषांतर करूं लागला म्हणजे ती लबाडी त्यानें नव्या प्रतींत आपण होऊन उतरवावी. मग मूळ संहितेंतून लबाडीची ओळ पुसून टाकली तरी लबाडी पिढ्यान्‌पिढ्या चालूं राहील, आणि संहिता कितीहि वाचली तरी कोणास कांहीं सांपडणार नाहीं. आपण स्वतः लिहिली नाहीं अशा संहितेवर पूर्ण विश्वास टाकतां येत नाहीं, हें त्यांच्या सांगण्याचें सार होतें.

हें केवळ पांडित्य नव्हे. सप्टेंबर २०१५ मध्यें उघडकीस आलें कीं, ॲपलच्या फोनसाठीं आज्ञावली रचण्याचें जें साहित्य असतें, त्याच्या दूषित प्रती चीनमध्यें परभारें वांटल्या गेल्या होत्या. अधिकृत प्रत उतरवून घेण्यास फार वेळ लागे, म्हणून कित्येकांनीं ती जवळच्या ठिकाणाहून घेतली. त्यांनीं स्वतः लिहिलें तें निर्दोष होतें. परंतु त्या साहित्यांतून जें बाहेर पडलें त्यांत परक्याचा मजकूर मिसळलेला होता. वीचॅटसारख्या, असंख्य लोक वापरीत असलेल्या आज्ञावलीच्या एका आवृत्तीसहि त्याची बाधा झाली.

लबाडी नसली तरी दुभाषी चुकतोच. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनीं एक यंत्रपरीक्षक तयार केला. तो वाटेल तशा, परंतु नियमांस धरून असलेल्या आज्ञावली रचतो, त्या निरनिराळ्या कंपायलरांस भाषांतरासाठीं देतो आणि उत्तरें ताडून पाहतो. सर्वांचें उत्तर एकच यावयास हवें. एखाद्याचें निराळें आलें तर कोणीतरी चुकला. २०११ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधाप्रमाणें तीन वर्षांत ३२५ हून अधिक दोष सांपडले, आणि तपासलेल्यांपैकीं एकहि कंपायलर निर्दोष ठरला नाहीं. फुकट मिळणारा नाहीं आणि विकतचाहि नाहीं. २०१५ सालीं दुसऱ्या एका पथकानें एलएलव्हीएममधील ३०० हून अधिक लहान सुधारणा गणिताच्या सिद्धतेच्या कसास लावल्या, तेव्हां त्यांत ८ चुकीच्या निघाल्या. ज्या सुधारणा जाणत्यांनीं वाचल्या होत्या, वर्षानुवर्षें वापरल्या होत्या, त्यांतल्याच या आठ. मात्र हत्यारपेटी उघडी होती, म्हणूनच बाहेरच्या माणसांस ही परीक्षा घेतां आली, आणि सांपडलेला दोष दुरुस्त झाला कीं नाहीं हेंहि पाहतां आलें.

कधीं कधीं दोष दुभाष्याचा कीं धन्याचा, हें ठरविणेंच कठीण होतें. २००९ सालीं लिनक्समधील एका भागांत असें आढळलें कीं, लिहिणाऱ्यानें एका पत्त्यावर आधीं वस्तु मागितली आणि मग तो पत्ता रिकामा तर नाहीं ना, हें तपासलें. जीसीसीनें तर्क केला : ज्या अर्थीं वस्तु आधींच मागितली आहे, त्या अर्थीं पत्ता रिकामा असणें भाषेच्या नियमाप्रमाणें शक्यच नाहीं, मग ही तपासणी अनावश्यक. त्यानें ती गाळली, आणि चोरास वाट मोकळी झाली. दुभाषी शब्दाला जागला, परंतु धन्याच्या मनांतील भाव सुटला. ज्यास भाषांतराचा थोडाहि अनुभव आहे, त्याला या प्रसंगाचें मर्म सांगावयास नको.

मग टॉम्पसन यांच्या शंकेस उत्तर आहे काय ? एक आहे, आणि तें शहाण्या धन्याचें आहे. एकच पत्र एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन दुभाष्यांकडून वाचवून घ्यावें. डेव्हिड व्हीलर यांनीं २००५ सालीं, आणि पुढें २००९ च्या प्रबंधांत, ही रीत शास्त्रशुद्ध करून मांडली. ज्या कंपायलरचा संशय आहे त्याची मूळ संहिता घ्यावी. तिचें भाषांतर दुसऱ्या, स्वतंत्रपणें घडलेल्या कंपायलरकडून करवावें. आणि त्यांतून जो कंपायलर तयार होईल त्याच्याकडून त्याच संहितेचें पुन्हां एकदां भाषांतर करवावें. संशयिताचें आचरण त्याच्या संहितेबरहुकूम असेल, तर या खटाटोपाच्या शेवटीं मिळालेली प्रत आणि संशयितानें स्वतःची केलेली प्रत यांत एका खुणेचाहि फरक पडणार नाहीं. फरक पडला तर पाणी कोठें तरी मुरतें आहे. या रीतीस दोन गोष्टी अवश्य लागतात : संशयिताची संहिता हातीं हवी, आणि त्याहून वेगळा असा दुसरा दुभाषी हवा.

ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे जीसीसी आणि एलएलव्हीएम यांच्या चढाओढीकडे निराळ्या दृष्टीनें पाहतां येतें. २००५ चें तें पत्र योग्य हातीं पडलें असतें आणि दोन प्रवाह एक झाले असते, तर श्रम वांचले असते खरे. परंतु आज एकाची साक्ष काढावयास दुसरा उरला नसता. संगणकशास्त्राच्या जगांत प्रतिष्ठित असलेल्या एसीएम या संस्थेनें आपला एकच पुरस्कार २०१२ सालीं एलएलव्हीएमसाठीं अडवे, लॅटनर आणि एव्हन चेंग यांस, आणि २०१५ सालीं जीसीसीसाठीं स्टॉलमन यांस दिला, हें उचितच झालें.

आपल्या देशांतहि हें शिक्षण होऊं शकतें. मुंबईंत पवई येथील आयआयटींत प्रो. उदय खेडकर यांनीं जीसीसीच्या अभ्यासाचें केंद्र चालविलें, आणि त्या वाड्याच्या खोल्या कशा रचल्या आहेत तें विद्यार्थ्यांस व अध्यापकांस उलगडून दाखविलें. असा अभ्यास करण्यास कोणाचा वशिला लागत नाहीं, परदेशगमन लागत नाहीं. संहिता उघडी आहे. वाचण्याची चिकाटी तेवढी हवी. ज्याला मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्र शिकत आहे, त्यानें त्यांस एकच प्रश्न विचारून पाहावा : तुम्ही लिहिलेलें यंत्रापर्यंत जसेंच्या तसें पोंचतें, हें तुम्हांस कशावरून ठाऊक ?

या प्रश्नास ‘कंपनी मोठी आहे’ हें उत्तर नव्हे, आणि ‘सर्वजण तेंच वापरतात’ हेंहि नव्हे. दुभाष्याचें काम कागदावर दिसलें पाहिजे, तें तपासण्याची मुभा वाटेल त्यास असली पाहिजे, तपासणारे एकाच घरचे असतां कामा नयेत, आणि शंका आली तर विचारावयास दुसरा दुभाषी असला पाहिजे. या चार अटी पाळल्या गेल्या तरी चुका होतच राहतील. परंतु त्या सांपडतील. घरांतला फोन आपल्या वतीनें बँकेशीं बोलतो तेव्हां त्याच्यामागें हे दुभाषे उभे असतात, आणि त्यांचें लिखाण आज रात्रीं कोठें तरी कोणी अनोळखी मनुष्य ओळीओळीनें तपासून पाहत असेल.